पुलगावची रात्र, सोनेगावची सकाळ

शौर्य म्हटले की आपल्याला गड आठवतात, खिंडी आठवतात. पण शत्रूचा पत्ता नसतानाही माणसे स्फोटकांच्या तोंडी उभी राहतात. पलटणीत हातबाँब फेकायला शिकवताना एखाद्या नवख्या शिपायाच्या हातून तो पायाशीच पडतो. अशा वेळी शिकवणारा उस्ताद आधी त्या पोराला ढकलून आडोशाला लोटतो आणि मग स्वतःचे बघतो. अशा धैर्याला बखर मिळत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यातली याच जातीची एक हकीकत आज सांगावयाची आहे.

पुलगाव हे एके काळी कापसाच्या गिरणीचे गाव. शेजारी दारूगोळ्याचे मध्यवर्ती भांडार, देशातले सर्वांत मोठे. ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तिथल्या एका कोठाराला आग लागली. आत सुमारे १३० टन रणगाडाविरोधी सुरुंग होते. सामान्य माणूस अशा आगीकडे पाठ करून पळेल, आणि त्याला कोणी नावे ठेवणार नाही. लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार आणि मेजर के. मनोज हे दोघे अधिकारी मात्र आगीकडे गेले. त्यांच्या सोबतीला भांडाराच्या अग्निशामक दलाची माणसे होती. विझवण्याचे काम चालू असतानाच स्फोट झाला. आगरगाव, नागझरी अशा गावांतून लोक पोरेबाळे उचलून अंधारात बाहेर पडले. आग त्या एका कोठारापलीकडे गेली नाही. सबंध भांडार पेटते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

मृतांचा आकडा प्रथम १६ सांगण्यात आला, पुढे तो १९ झाला. त्यांत दोघे अधिकारी. बाकीच्यांत बहुतेक बंबावरची माणसे. अधिकाऱ्यांची नावे आपल्या ओठांवर आहेत, आणि ती असावीतच. पण बंबवाल्यांची नावे सांगा म्हटले तर ही सभा गप्प बसेल. आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो, म्हणून हे गप्प बसणे आम्हांला जरा जास्त ऐकू येते.

मुंबईने हे पूर्वीच पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच जहाजात भरण्याचा शहाणपणा कुणाचा, ते देव जाणे! बंबवाले दुपारपासून त्यावर पाणी मारीत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आजही पाळतात, तो त्यांच्यामुळे.

आता धैर्याच्या मागचे कारण पाहू. पुलगावच्या चौकशीत बोट गेले ते गळती लागलेल्या सुरुंगांकडे. टीएनटी हा स्फोटक पदार्थ अशुद्ध राहिला, तर त्यातला लवकर वितळणारा भाग उन्हाळ्यात पाझरून बाहेर येतो. आणि वर्ध्याचा मे महिना कसा असतो ते तुम्हांला आम्ही काय सांगावे? म्हणजे कारखान्यात राहिलेली कसर अखेर बंबवाल्याने प्राण देऊन भरली. शूराला हार घालताना हा हिशेब विचारला की पुष्कळांना राग येतो. तो येऊ द्या.

कारण अडीच वर्षेही झाली नाहीत तोच २० नोव्हेंबर २०१८ उजाडला. भांडाराजवळच्या सोनेगाव आबाजी येथील मैदानावर निकामी दारूगोळा नष्ट करण्याचे काम होते. सकाळी सातच्या सुमारास स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. एक जण जबलपूरजवळच्या खमरिया कारखान्याचा कामगार होता. बाकीचे आसपासच्या गावांतले, ठेकेदाराच्या रोजावर आलेले. शिपायाला बाँब हाती देण्याआधी उस्ताद देतात. या रोजंदारीच्या माणसांना पेटी कशी धरावी, कशी ठेवावी, कुठे उभे राहू नये, हे कोणी आणि किती दिवस शिकवले होते?