सुताराने बांधलेला ट्रक

माझे थोरले चुलते तात्या काळ मोजायचे तो गाडीत काय जळत होतं त्यावरून. आधी पेट्रोल, मग युद्धातला कोळसा, पुन्हा पेट्रोल आणि शेवटी डिझेल. कोळशाचा काळ त्यांनी चड्डीच्या वयात पाहिला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीला लोखंडी भट्ट्या लागल्या. भट्टीत कोळसा पेटवायचा, क्लीनरने हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा, आणि निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. इंजिन तेच, पेट्रोलचं. ताकद मात्र बरीच कमी. कुंभार्ली घाटात उतारू खाली उतरायचे, गाडीला खांदा लावायचे आणि अवघड वळण गेलं की पुन्हा आत बसायचे. या हालांची तक्रार तात्यांच्या तोंडून कधी आली नाही. भट्टी बसवणाऱ्या कऱ्हाडच्या लोहाराचं कौतुक मात्र दर वेळी यायचं.

युद्ध संपल्यावर लष्कराने नको झालेल्या गाड्या लिलावात काढल्या. फोर्ड, शेवरोले असा सगळा डिस्पोजलचा माल. साताऱ्यात तो चालवणारे हात तयारच होते. या जिल्ह्याच्या घराघरातून माणसं फौजेत गेलेली. अपशिंगे या एकट्या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. दुसऱ्या युद्धातून परतलेल्यांत कितीतरी जण ड्रायव्हिंग शिकून आले होते. तात्यांचे उस्ताद त्यांतलेच, ब्रह्मदेशच्या चिखलात ट्रक चालवून आलेले. त्यांनी तात्यांना डबल क्लच शिकवला. क्लच दाबून गियर काढायचा, न्यूट्रलला क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच आणि मग खालचा गियर. गियरबॉक्सची चाकं एकमेकांशी जुळवून घेण्याची सोय त्या गाड्यांत नव्हती, ते काम कानाने करायचं. खंबाटकी चढताना कुणाचा गियर करकरला तर मागच्या गाडीतला माणूस नाव घेऊन सांगायचा, आज अमका जागा नाही.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. खाजगी मालट्रकांची गतही तीच. दहा बनावटींचे सुटे भाग कुठल्या दुकानात मिळणार? जे मिळत नसे ते मिस्त्री घडवत.

आणि घडवू शकत होते, कारण हा मुलूख लोखंडाला सरावलेला होता. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला, तिथे नांगर झाले आणि पुढे डिझेल इंजिनंही. तोच कारखाना वालचंद हिराचंदांनी घेतला. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापली, आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, फार्गो ट्रक आपल्या रस्त्यांवर आले. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव आहे, ते तिथं शिकणाऱ्या मुलांनी या अंगानेही आठवावं. नांगराचा फाळ बनवणाऱ्या ओतशाळेत शिकलेला माणूस पुढे मिरजेत गॅरेज टाकतो आणि डॉजचा ब्रेक ड्रम ओतून घेतो, असा हा सरळ रस्ता आहे.

या मिस्त्रींचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पेट्रोलच्या ट्रकांना डिझेल इंजिन बसवणं. पेट्रोलवर घाटाचं भाडं परवडेना. मद्रासच्या सिम्पसन कंपनीची सहा सिलिंडरची पर्किन्स डिझेल इंजिनं मिळू लागली आणि गॅरेजांपुढे जुन्या गाड्यांची रांग लागली. ऐकायला सोपं वाटतं, पण इंजिन उचलून ठेवलं आणि झालं असं नसे. डिझेलचं इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत जादा पाटे घालायचे. त्याचे फेरे कमी, म्हणून मागच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण बदलायचं, नाहीतर गाडी सपाटीला रांगायची. इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामधली जाड पट्टी लेथवर अशी कापायची की दोन्हींचे आस केसभरही हलता कामा नयेत. मिरजेतले एक चाचा हे काम नकाशा न काढता करत. मी लहानपणी त्यांना पाहिलं आहे. पट्टी लेथला लावण्याआधी ते तिच्यावर तळहात ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहत.

मग टाटांचा ट्रक आला. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून लांब नाकाचे, जाळीवर तीन टोकांची चांदणी असलेले ट्रक बाहेर पडू लागले. कोयनेचं धरण तेव्हा व्हायचं होतं. कऱ्हाड स्टेशनवर उतरलेलं सिमेंट पाटणमार्गे कोयनानगरला नेणाऱ्या गाड्यांवर तात्या दुसऱ्याच्या नोकरीत ड्रायव्हर होते. पोफळीचं भूमिगत वीजघर सुरू झालं, १९६४ पर्यंत धरण उभं राहिलं, आणि साठवलेल्या पैशांत तात्यांनी स्वतःची टाटा-मर्सिडीज घेतली, ती १९६६ ची.

घेतली ती नुसती चेसी. ही गोष्ट आजच्या वाचकाला ठाऊक नसते. कारखान्यातून ट्रक बाहेर पडायचा तो चाकं, इंजिन, बोनेट आणि काचेपर्यंतचा पुढचा भाग एवढाच. जमशेदपूरहून ड्रायव्हर डोक्याला फडकं बांधून उघड्यावर तो चालवत आणायचा. केबिन आणि हौदा बांधायचा आपल्याकडचा सुतार. आमच्या गाडीची केबिन सागाची, हौद्याच्या फळ्या बाभळीच्या, फाळक्याच्या कड्या गावच्या लोहाराच्या. मागच्या सीटखाली सुताराने तात्यांच्या उंचीचं फळीचं अंथरूण केलं होतं.

या गाडीने पुढे काय काय वाहिलं, तो आमच्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पत्रे आणि वासे. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडीकडे कडबा आणि मिलो. सुगीत सांगलीच्या पेठेतली हळद आणि कऱ्हाडचा गूळ चिपळूणला, येताना कौलं आणि सुकी मासळी. हंगामात ऊस. करार १९६९ ला संपला आणि नव्या गाड्यांवर चांदणीऐवजी टाटांचं टी अक्षर आलं, तेव्हा तात्यांनी आपली चांदणी काढून घरात आणली आणि दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिचीही पूजा होऊ लागली.

तात्या गेल्यावर ट्रक मळ्यात लिंबाखाली पडून होता. भंगारवाले किलोचा भाव सांगून जात. माझा धाकटा चुलतभाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याने तो पुन्हा उभा करायला घेतला. इंजिन जाम झालेलं. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ते मुरू दिलं, मग हँडलने रोज थोडं थोडं हलवलं. लायनर नवे, रिंगा नव्या. डिझेल पंप मिरजेत चाचांच्या मुलाने लावून दिला. किंगपिनचे बुश लेथवर करून घेतले. या इंजिनात हीटरची कॉइल लाल झाल्यावरच स्टार्टर मारायचा असतो, थंडीच्या दिवसांत तर जास्तच थांबावं लागतं, हे आम्हाला एका म्हाताऱ्या क्लीनरने सांगितलं. वीस इंची चाकाची लोखंडी रिंग हवा भरताना उडाली तर जीव जातो, म्हणून चाक साखळीने बांधूनच हवा भरायची, हेही त्यानेच. केबिनला सागाचे नवे खांब घातले, पण अंथरुणाची फळी जुनीच आहे.

भावाने काही बदलही केले. डायनमोच्या जागी अल्टरनेटर, मागे चांगले दिवे, वळणाचे इंडिकेटर, ब्रेकला जास्तीची मदत. हे बदल योग्यच आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या झगमगाटासाठी रंगीत दिव्यांच्या माळा लावायला मात्र मी विरोध केला आणि तो त्याने मानला.

अडचण पुढे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी, व्यापारी वापराची नसलेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठी दुरुस्ती न झालेली असेल तर तिला व्हीए या अक्षरांची वेगळी पाटी मिळते. मोटारी आणि मोटारसायकली जपणाऱ्यांना याचा मोठा आधार झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण भाड्यासाठीच जन्मलेला ट्रक या चौकटीत कसा बसणार? आणि त्याचं मूळ रूप कोणतं धरायचं? कारखान्याने पाठवलेली उघडी चेसी, की कऱ्हाडच्या सुताराने बांधलेली केबिन? आमच्याकडचा ट्रक पहिल्या दिवसापासून इथल्या हातांनी बदललेलाच आहे, आणि जपायची आहे ती हीच गोष्ट. इंग्लंडमध्ये १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी जुन्या ट्रक-बसगाड्यांची दरसाल फेरी निघते. अमेरिकेत ट्रकांचा इतिहास जपणारी संस्था १९७१ पासून आहे. आपल्याकडे अहमदनगरला रणगाड्यांचं चांगलं संग्रहालय आहे. कोयनेचं सिमेंट वाहणारा ट्रक पाहायला जावं अशी जागा मला आपल्या दोन जिल्ह्यांत माहीत नाही.

इथल्या कारागिरीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्रेला, दत्तात्रय लोहारांनी काय केलं ते आठवावं. त्यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली आणि आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये त्यांना तिच्या बदल्यात बोलेरो दिली. असे हात अजून आहेत. पर्किन्स बसवलेले, सागाची केबिन बांधलेले हात मात्र आता ऐंशीच्या पुढचे आहेत.

म्हणून सातारा-सांगलीच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या मळ्यात, कारखान्याच्या मागे, जुन्या वखारीत नाकाचा ट्रक उभा असेल तर तो किलोवर देऊ नका. त्याचं जुनं आरसी बुक सांभाळा, चेसीवरचा नंबर उतरवून ठेवा, आणि त्यावर काम केलेला मिस्त्री, सुतार किंवा ड्रायव्हर हयात असेल तर या दिवाळीआधी त्याच्याकडे वही घेऊन जा.