एचआयव्ही शरीरात नेमकं काय करतो? बरं वाटलं तरी गोळी बंद का करायची नाही?

गोळ्या सुरू झाल्या, भूक लागायला लागली, वजन वाढलं. मग 'आता बरं वाटतंय, रोज गोळी कशाला?' म्हणून गोळ्या बंद. एचआयव्ही बाधितांच्या बाबतीत ही चूक बऱ्याचदा होते आणि ती महागात पडते. कारण बरं वाटलं म्हणजे विषाणू गेला असं होत नाही. तो शरीरात लपून बसलेला असतो. कुठे आणि कसा, ते पाहू.

हल्ला राखणदारावरच

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्यातल्या एका प्रकाराला सीडी-४ पेशी म्हणतात. कोणावर आणि कसा हल्ला करायचा, याचा इशारा या पेशी बाकीच्यांना देतात. एचआयव्ही नेमका याच पेशींना धरतो. इतर जंतूंशी लढणारी यंत्रणाच तो आतून पोखरतो.

विषाणू पेशीत कसा शिरतो?

१. चिकटणे : विषाणूच्या आवरणावर जीपी-१२० नावाचं प्रथिन असतं. ते पेशीवरच्या सीडी-४ या भागात किल्लीसारखं बसतं. पण दाराला दुसरं कुलूपही असतं, सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ नावाचं. तेही उघडलं की विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतला माल पेशीत उतरतो.

२. नक्कल : विषाणूची माहिती आरएनए रूपात असते, आपल्या पेशींची डीएनए रूपात. विषाणू स्वतःसोबत आणलेल्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या मदतीने आरएनएचा डीएनए तयार करतो. या नकलेत चुका फार होतात, त्यामुळे विषाणू सतत रूप बदलतो.

३. नाव चढवणे : हा डीएनए पेशीच्या मूळ डीएनएमध्ये जोडला जातो. परक्या माणसाने आपल्या सातबाऱ्यावर गुपचूप नाव चढवून घ्यावं, तसाच हा प्रकार. एकदा नाव चढलं की ती पेशी जिवंत असेपर्यंत ते निघत नाही.

४. कारखाना : आता पेशी स्वतःचं काम सोडून विषाणूचे सुटे भाग बनवते. ते जुळून नवे विषाणू बाहेर पडतात आणि पुढच्या पेशी गाठतात.

आजार दिसायला वर्षं का लागतात?

लागण झाल्यावर २ ते ४ आठवड्यांत काहींना ताप, अंगदुखी, घसादुखी होते आणि ती आपोआप थांबते. नंतर कित्येक वर्षं काहीच त्रास जाणवत नाही. पण आत सीडी-४ पेशी मरत असतात. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. तेव्हा टीबी, न्यूमोनिया, तोंडातली बुरशी असे आजार शरीरात घर करतात. उपचार नसतील तर इथपर्यंत यायला बहुधा ८ ते १० वर्षं लागतात. म्हणून माणूस धडधाकट दिसतो यावरून काही ठरत नाही. तपासणी हाच मार्ग.

गोळी काय करते आणि काय करत नाही?

सरकारी एआरटी केंद्रात सध्या बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. पहिली दोन वरची दुसरी पायरी रोखतात, तिसरं औषध तिसरी पायरी रोखतं. नव्या पेशींत शिरकाव थांबला की सीडी-४ पुन्हा वाढतात.

पण ज्या पेशींत आधीच नाव चढलंय, त्यातल्या काही झोपून राहतात. त्यांच्यावर गोळी चालत नाही. शेतात लव्हाळा वरून खुरपला तरी जमिनीत गाठी राहतात, पाणी मिळालं की परत फुटतात. तसंच गोळी थांबली की काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढायला लागतो. मध्ये मध्ये गोळी चुकवली तर औषधाला दाद न देणारा विषाणूही तयार होऊ शकतो. मग औषध बदलावं लागतं.

नियमित गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत उपचार घेतले तर बाळाला होणारी लागणही बहुतेक वेळा टळते.

हे लक्षात ठेवा

- लागण असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, एकच सुई अनेकांनी वापरणे आणि आईकडून बाळाला, दुधातूनही, अशी होते. सोबत जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा डास चावल्याने होत नाही.
- सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि सल्ला मोफत आहे. लागण झाल्यावर साधारण ३ महिन्यांपर्यंत तपासणीत ती दिसेलच असं नाही, म्हणून धोका वाटत असेल तर पुन्हा तपासावं.
- धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठावा. लागण टाळणारी औषधं असतात, जितकी लवकर तितकी चांगली.
- २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करणं, बाधिताचं नाव फोडणं, नोकरी, शाळा किंवा दवाखान्यात भेदभाव करणं याला मनाई आहे.
- मोफत माहितीसाठी हेल्पलाइन : १०९७.

गोळीने त्रास होत असेल तर ती स्वतःहून बंद करू नये. आधी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना सांगावं.