लिनक्सवर गेम अडखळतोय? नवं कार्ड घेण्याआधी हे तपासा

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, मुलांचा अभ्यास, प्रिंट, इंटरनेट सगळं छान चालतं. पण गेम लावला की चित्र धक्के खात सरकतं. मग अब्बांकडे नव्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट सुरू होतो. आमचं म्हणणं, जरा थांबा. बऱ्याचदा कार्ड धडधाकट असतं, फक्त ते कामालाच लागलेलं नसतं.

फ्रेम रेट म्हणजे एका सेकंदात पडद्यावर येणारी चित्रं. स्टीमच्या सेटिंगमध्ये हा आकडा कोपऱ्यात दाखवायची सोय आहे. ६० असेल तर उत्तम, ३० चालून जातं, पण साधा गेमही दहा-बारावर अडकत असेल तर काहीतरी चुकलंय.

आता सेटिंग्ज उघडून ‘अबाउट’मधली ग्राफिक्सची ओळ वाचा. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत ती ‘सिस्टीम डिटेल्स’मध्ये असते. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेलं दिसलं तर कार्ड बसून आहे आणि सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर काढतोय. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर ‘मेसा’ नावाने लिनक्ससोबतच येतात, तिथे सिस्टीम अपडेट केली की बहुतेक वेळा भागतं.

खरी डोकेदुखी एनव्हीडियाची. लिनक्समधला मोफत ‘नूवो’ ड्रायव्हर जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांचा वेग वाढवू शकत नाही, कार्ड सर्वात खालच्या वेगावरच राहतं. म्हणून कंपनीचा ड्रायव्हर घ्या: उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’, मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’. सिक्युअर बूट चालू असेल तर तो टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. घाईत लोक तो पुढे ढकलतात, अन् ड्रायव्हर लोडच होत नाही. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर गेमच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘डिस्क्रीट ग्राफिक्स’ने सुरू करण्याचा पर्याय शोधा. चार्जर लावा, पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. पंख्यातली धूळ तर काढाच, तापलेला प्रोसेसर स्वतःहून मंदावतो. वेगळं कार्ड नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर दुसरी जोडल्याने बराच फरक पडतो.

विंडोजचे गेम स्टीम ‘प्रोटॉन’मार्फत चालवतं. नवा गेम पहिल्यांदा अडखळला तर घाबरू नका, शेडर तयार होत असतात, थोडं खेळल्यावर धक्के कमी होतात.

जीटी ७१० सारख्या जुन्या कार्डाची गोष्ट मात्र निराळी. प्रोटॉन ८ पासून व्हल्कन १.३ लागतं आणि या कार्डाचा ड्रायव्हर १.२ वरच थांबलाय. गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन प्रोटॉन ७ निवडून पाहा. त्यावरही गेम चालला नाही, तर पोराचा हट्ट खरा आहे.