इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट

इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट (पॅनेलवर काम करणाऱ्यांच्या बोलीत 'रिलीज') हा औद्योगिक सर्किट ब्रेकरचा प्रवाह मोजणारा आणि निर्णय घेणारा भाग होय. परिपथ प्रत्यक्ष तोडण्याचे काम ब्रेकरचे संपर्क करतात. ते केव्हा उघडायचे हे ट्रिप युनिट ठरवते. पुणे–पौड रस्त्यावरील भुकूम, पिरंगुट परिसरातील कारखान्यांप्रमाणे जेथे उच्चदाब वीजजोडणी व स्वतःचे रोहित्र असते, तेथे रोहित्रानंतरच्या मुख्य एअर सर्किट ब्रेकरमध्ये हे युनिट सामान्यतः आढळते.

पार्श्वभूमी

पूर्वीच्या ब्रेकरमध्ये अतिभारासाठी द्विधातू पट्टी किंवा तेलाचा डॅशपॉट आणि लघुपरिपथासाठी विद्युतचुंबक वापरीत. सभोवतालचे तापमान व तेलाची अवस्था यांचा त्यांच्या अचूकतेवर परिणाम होई. इलेक्ट्रॉनिक युनिटमध्ये प्रत्येक फेजवरील करंट ट्रान्सफॉर्मर किंवा रोगोव्स्की कॉइल प्रवाह मोजते, सूक्ष्मप्रक्रियक त्याची तुलना ठरवलेल्या मर्यादांशी करतो आणि गरज पडल्यास एक लहान चुंबकीय उपकरण ब्रेकरची कळ सोडते. या ब्रेकरना आयईसी ६०९४७-२ हे मानक लागू असून इलेक्ट्रॉनिक संरक्षणाच्या चाचण्यांसाठी त्यात स्वतंत्र परिशिष्ट आहे. महाराष्ट्रात १९३८ साली मुंबईत स्थापन झालेल्या लार्सन अँड टुब्रोने स्विचगिअर उत्पादनात मोठा वाटा उचलला. तिचा हा विभाग २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला.

बसवणी

जुन्या ब्रेकरवर नवे युनिट बसवताना ते त्याच उत्पादकाचे व त्याच श्रेणीसाठीचे असावे लागते. केवळ आकार जुळणे पुरेसे नसते.

भार उतरवून ब्रेकर उघडतात, बाहेर ओढता येणारा असल्यास रॅकिंग हँडलने पूर्णपणे विलग करतात, कुलूप व सूचनाफलक लावतात आणि वीज नसल्याची चाचणी घेतात. त्यानंतर ताणलेली स्प्रिंग सोडवतात. ही पायरी घाईत राहून जाते, आणि मग आवरण काढल्यावर यंत्रणा अचानक हलून बोटे चिरडू शकतात. ब्रेकरमधून प्रवाह वाहत असताना युनिट उपसणे त्याहून धोकादायक आहे: करंट ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू उघडी पडली की तिच्यावर घातक दाब निर्माण होतो.

युनिट जागेवर सरकवून जोडणी घट्ट बसल्याची खात्री करतात, स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळतात आणि रेटिंग प्लग करंट ट्रान्सफॉर्मरच्या मूल्याशी ताडून पाहतात. न्यूट्रलवर स्वतंत्र करंट ट्रान्सफॉर्मर असेल, तर त्याची दिशा तपासणे अत्यावश्यक असते. ती उलटी जोडली गेल्यास फेजमधील नेहमीचा असमतोलही भूदोष म्हणून वाचला जातो आणि ब्रेकर विनाकारण पडत राहतो.

मर्यादा ठरवणे

येथेच बहुतेक चुका होतात. १००० केव्हीए, ४३३ व्होल्टच्या रोहित्राचा पूर्णभार प्रवाह सुमारे १३३३ अँपिअर असतो. त्यापुढे १६०० अँपिअरचा ब्रेकर असून अतिभाराची खूणकाटी १.० वर सोडली, तर रोहित्र २० टक्के अतिभाराखाली तापत राहिले तरी ब्रेकर स्वस्थ बसतो. काटी ०.८ वर ठेवल्यास मर्यादा १२८० अँपिअर होते. याच रोहित्राचा प्रतिबाध ५ टक्के धरल्यास लघुपरिपथाचा प्रवाह सुमारे २६.७ किलोअँपिअरपर्यंत जाऊ शकतो. ब्रेकरची खंडनक्षमता त्याहून अधिक हवी.

लघुविलंबाचा हेतू निवड हा आहे. एका यंत्राच्या फीडरवर दोष झाल्यास आधी तोच ब्रेकर पडावा, यासाठी मुख्य ब्रेकरला काही दशांश सेकंद थांबवतात. तो थांबला नाही, तर एका मोटारीपायी सारा कारखाना अंधारात जातो. मात्र हा विलंब जितका वाढेल, तितका आर्क फ्लॅशचा धोकाही वाढतो.

चाचणी

चाचणी संचाने दुय्यम प्रवाह देऊन युनिटचे प्रत्येक कार्य तपासतात. करंट ट्रान्सफॉर्मरसह संपूर्ण साखळी पाहायची असल्यास प्राथमिक प्रवाह चाचणी लागते. ब्रेकर प्रथम 'टेस्ट' स्थितीत चालवून पाहतात आणि मगच सेवास्थितीत घेतात. स्वयंऊर्जित युनिटचा पडदा अल्प भारावर कोरा राहू शकतो. हा बिघाड नव्हे, कारण ठरावीक किमान प्रवाहाशिवाय त्याला ऊर्जा मिळत नाही. अंतिम मर्यादांची नोंद पॅनेलच्या दारावर लावण्याची प्रथा आहे.