पैशाविना गाव

"च्यायला, पैसाच नसता तर जग किती सुखी झालं असतं!" महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आमच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग पैसा नसलेल्या समाजाची चित्रं रंगवली जातात. तर मंडळी, कल्पना कशाला करायची? बराचसा तसा कारभार आपल्याच खेड्यांत शतकानुशतकं चालू होता. बलुतेदारी.

'बराचसा' म्हणायचं कारण, नाणी होतीच. सरकारचा सारा, सावकाराचं कर्ज, आठवडी बाजार इथे पैसा लागायचाच. पण गावातल्या गावात सुताराने नांगर दुरुस्त केला म्हणून कुणबी लगेच कनवटीला हात घालत नसे. कुंभाराने मडकी द्यायची, न्हाव्याने हजामती करायच्या, चांभाराने मोट शिवायची. आणि सुगी झाली की खळ्यावर येऊन आपापला धान्याचा वाटा न्यायचा. तेच बलुतं. आमच्या भाषेत सांगायचं तर वार्षिक मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट! दर वेळी बिल नाही, घासाघीस नाही. दुष्काळ पडला तर वाटाही कमी, म्हणजे जोखीम सगळ्यांची. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात या सगळ्याचं बारीक वर्णन आहे, जरूर वाचा.

इथवर ऐकलं की वाटतं, काय झकास सिस्टिम होती! पण मला एक प्रश्न छळतो. किंमतच नाही, तर कोणी किती काम करायचं आणि किती घ्यायचं, हे ठरवायचं कोणी?

उत्तर: जन्माने. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि वाटा त्यानुसार. काम हे वतन, बापाकडून मुलाकडे. त्यात महाराचं काम काय? वेशीची राखण, सरकारी निरोप पोचवणं, सारा ठाण्यात नेणं, मेलेली जनावरं ओढणं... यादी संपतच नाही. कारण कामाला मोजमापच नव्हतं. बोलावणं आलं की निघायचं. आणि हक्काचं बलुतंसुद्धा गावाच्या मर्जीवर, वर भीक घातल्यासारखं. नकार दिला तर धान्य बंद.

म्हणजे हिशोब गेला नव्हता, तो फक्त माणसाच्या जातीत लिहून ठेवला होता. रुपयाचं एक बरं असतं, तो घेऊन दुसऱ्या गावी जाता येतं. बलुत्याचा हक्क वेशीबाहेर शून्य.

मुंबईच्या गिरण्यांत रोख पगार मिळू लागला, तेव्हा माणसं गाव सोडून आली ती काही हौस म्हणून नाही. अर्थात पैसा म्हणजे जादूची कांडी नव्हे. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर गिरण्यांतल्या जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. असो.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्यातली एक मागणी मला फार बोलकी वाटते: बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करा आणि ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावी. ज्यांना पैशाविना जगण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, त्यांच्या बाजूने मागणी आली ती पैशाची!

निवड समितीत विधेयकाची पार मोडतोड झाली आणि १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. महार वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. तोवर बाबासाहेबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती.