दारातले कृष्णकमळ आणि बाटलीतले औषध : वनौषधींवरचे संशोधन काय सांगते?

ओझरसारख्या गावात घराच्या फाटकावर कृष्णकमळाची वेल चढलेली दिसणे काही नवीन नाही. जांभळ्या फुलाभोवती बारीक तंतूंचे कडे, मध्ये पाच पुंकेसर. काही जण त्याला कौरव-पांडवांचे फूलही म्हणतात. आजवर या वेलीकडे आपण शोभा म्हणूनच पाहात होतो. अलीकडे मात्र मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून तिची पाने झोपेवरचे औषध बनली आहेत. 'पाने उकळा, रात्री प्या, गोळ्या फेकून द्या,' असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो.

घरोघरी चित्र ओळखीचे आहे. दादीला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, अब्बांना शुगरची. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलाला झोप लागत नाही. रमजानमध्ये तरावीह आणि सेहरीमुळे झोपेचे तुकडे पडतात. अशा वेळी कोणीतरी एखादी बाटली आणून देते आणि म्हणते, 'घ्या, जडीबुटी आहे, नुकसान काहीच नाही.'

हे शेवटचे वाक्य खरे आहे का? या लेखाचा प्रश्न एवढाच आहे.

कृष्णकमळ म्हणजे नेमकी कोणती वेल?

कृष्णकमळाच्या कुळाचे शास्त्रीय नाव पॅसिफ्लोरा. या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत. बाजारात मिळणारे पॅशन फ्रूट हे फळही त्यातल्याच एका जातीचे. औषध म्हणून ज्या जातीवर संशोधन झाले ती मात्र मुख्यतः एकच, पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा. ती मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. तिथले मूळ रहिवासी तिचा वापर करीत आणि पुढे ती युरोपात पोहोचली.

आपल्या फाटकावरची वेल हीच असेल याची खात्री नाही. बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या जाती आणि संकर अनेक आहेत आणि रोपवाटिकेत सगळ्यांना एकच नाव, 'कृष्णकमळ'. या कुळातल्या काही जातींच्या पानांत आणि कच्च्या फळांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. म्हणून दारातल्या वेलीची पाने तोडून काढा करणे शहाणपणाचे नाही. नाव एक असले म्हणजे वनस्पती एक असते असे नाही.

संशोधनात काय आढळले?

इराणमध्ये तेहरानच्या डॉक्टरांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सतत चिंता वाटण्याचा आजार असलेल्या ३६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पॅसिफ्लोराच्या अर्काचे रोज ४५ थेंब दिले, दुसऱ्याला ऑक्झाझेपाम ही चिंतेवरची नेहमीची गोळी. चार आठवड्यांनंतर दोन्ही गटांत जवळपास सारखाच फरक पडला. गोळीचा परिणाम लवकर दिसला, पण गोळी घेणाऱ्यांना दिवसाच्या कामात अडचण जास्त आली. तेहरानमध्येच २००८ साली ६० रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ऑपरेशनपूर्वी पॅसिफ्लोरा दिल्याने मनावरचा ताण कमी झाला.

ऑस्ट्रेलियातला २०११ सालचा अभ्यास झोपेवरचा आहे. १८ ते ३५ वयाच्या ४१ निरोगी माणसांना एक आठवडा पॅसिफ्लोराचा चहा आणि एक आठवडा तसाच दिसणारा दुसरा चहा दिला. पॅसिफ्लोराच्या आठवड्यात झोप थोडी बरी लागल्याचे त्यांनी नोंदवले. आपल्याकडे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातही या वनस्पतीवर उंदरांवर बरेच काम झाले आहे. मेंदूला शांत करणारे 'गाबा' नावाचे जे रसायन आहे त्याच्या कामावर या अर्काचा परिणाम होत असावा, असे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांवरून दिसते.

वाचून बरे वाटते ना? आता दुसरी बाजू. ३६ माणसे, ४१ माणसे म्हणजे फार थोडी माणसे. जगभरचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००७ साली चिंतेवर पॅसिफ्लोराचा आढावा घेतला. त्यांच्या कसोटीला उतरलेले अभ्यास निघाले फक्त दोन, त्यात मिळून १९८ माणसे. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांनी लिहिले. युरोपच्या औषध संस्थेनेही या वनस्पतीला किरकोळ मानसिक ताण आणि झोपेसाठी मान्यता दिली आहे, पण ती 'परंपरेने वापरात आहे' या आधारावर, तीही १२ वर्षांवरील व्यक्तींसाठी.

म्हणजे आज एवढेच म्हणता येते : किरकोळ बेचैनीत पॅसिफ्लोराचा थोडा उपयोग होत असावा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या फेकून द्याव्यात इतका पुरावा कुठेही नाही.

हकीम अजमल खान यांनी दाखवलेला रस्ता

काही लोक म्हणतील, 'हे सगळे अंग्रेजी दवावाल्यांचे बोलणे आहे.' तसे नाही. जडीबुटीची कसून तपासणी व्हावी हा आग्रह आपल्याच हकिमांचा होता. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभे केले. १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुन्या औषधांचा अभ्यास नव्या रसायनशास्त्राने व्हावा अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण शास्त्रज्ञाला हाताशी धरले.

सिद्दीकींनी काम केले ते सर्पगंधेवर. युनानीत तिला असरोल म्हणतात. १९३१ साली त्यांनी तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळे काढले आणि दिवंगत हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट आजार ओळखण्यासाठी डॉक्टर आजही अजमलीन वापरतात.

पुढचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ब्लडप्रेशरच्या ५० रुग्णांना देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. त्यानंतर जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळे केले आणि ते ब्लडप्रेशरचे मोठे औषध ठरले. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण कहाणी इथे संपत नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना उदासी येऊ लागली, नाक बंद होणे, सुस्ती अशा तक्रारी आल्या. चांगली नवी औषधे आल्यावर त्याचा वापर खूप कमी झाला. एकाच मुळाने फायदाही दिला आणि तोटाही. ज्या वनस्पतीत असर करण्याची ताकद आहे तिच्यात नुकसान करण्याचीही ताकद असते. 'नुकसान काहीच नाही' असे जिच्याबद्दल छातीठोक सांगितले जाते, तिचा बहुधा असरही काही नसतो, नाहीतर सांगणाऱ्याला पुरती माहिती नसते.

गुळवेलीचा धडा

कोरोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचे काढे उकळले जात होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईच्या डॉक्टरांकडे लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. ही नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा वाद झाला. आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते की गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली.

वाद बाजूला ठेवा. सामान्य माणसाला यातून कळते ते हे : वेल नीट ओळखलेली असली पाहिजे आणि बरोबर वेलही कोणाच्या शरीराला मानवेल हे आधी सांगता येत नाही. अश्वगंधेचेही तसेच. हैदराबादला ६४ माणसांवर झालेल्या २०१२ सालच्या अभ्यासात ६० दिवसांत ताण कमी झाल्याचे दिसले, पण लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत.

आपल्या स्वयंपाकघरातली औषधे

ज्येष्ठमध (मुलेठी) : घशाला आराम देते. पण रोज जास्त प्रमाणात घेतल्यास ब्लडप्रेशर वाढते आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. जोशांद्यात बऱ्याचदा मुलेठी असते. बीपीच्या रुग्णाने हिवाळाभर जोशांदा पिऊ नये.

सना मक्की (सोनामुखी) : बद्धकोष्ठावर खरोखर काम करते. पण ती चार दिवसांची दवा आहे. महिनोन्महिने घेतल्यास क्षार कमी होतात.

इसबगोल : भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, नाहीतर अडकते. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत अंतर ठेवावे.

कलौंजी : हदीसमध्ये उल्लेख असल्याने तिच्याबद्दल आपल्या मनात आदर आहे. रक्तातली साखर आणि ब्लडप्रेशर थोडे कमी होते असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने ती औषध म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. इलाज करणे हीदेखील सुन्नत आहे. कलौंजीवरचा विश्वास आणि डॉक्टरांची गोळी यांत भांडण नाही.

पॅसिफ्लोरा घेण्याआधी

१. झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर सोबत पॅसिफ्लोरा घेऊ नका. गुंगी वाढते. वाहन किंवा मशीन चालवणाऱ्याने विशेष सावध राहावे.

२. झोपेची गोळी एकाएकी बंद करू नका. त्रास उलटतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

३. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये. लहान मुलांना देऊ नये.

४. ऑपरेशन ठरले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळे सांगा, काढ्यासकट.

५. होमिओपॅथीच्या मूळ अर्कात अल्कोहोल असते, त्याचे प्रमाण लेबलवर लिहिलेले असते. काही कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते. ज्यांना याची खटक असेल त्यांनी लेबल वाचावे, आपल्या आलिमांना विचारावे आणि डॉक्टरांकडे दुसरा पर्याय मागावा.

बाटली हातात घेतल्यावर काय पाहावे?

उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी, हे पाचही नसेल तर ती बाटली परत करा. सुट्या पुड्यांचा तर विचारच नको. सांधेदुखीच्या 'देशी' पुडीत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. अमेरिकेत बोस्टनच्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा अहवाल २००४ सालचा.

'शुगर मुळापासून बरी' अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात करणारा कायदा मोडत असतो, मग त्याच्या दुकानावर कोणतेही मुबारक नाव लिहिलेले असो.

युनानी इलाज करायचाच असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या हकिमांकडे जा. आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावला मन्सूरा इथे युनानीचे तिब्बिया कॉलेज आहे. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात केंद्र सरकारची युनानी संशोधन संस्था आहे. चांगला हकीम नब्ज पाहण्याबरोबर 'आणखी कोणती औषधे चालू आहेत?' हेही विचारतो. कोणत्याही औषधाचा, जडीबुटीचासुद्धा, त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरवर फुकट कळवता येते.

आणि झोपच येत नसेल तर? इशानंतरचा चहा बंद करून पाहा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. तीन-चार आठवडे झोप नसेल, घोरताना श्वास अडकत असेल, मन सतत उदास असेल तर तो आजार आहे, डॉक्टरांकडे जा. मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.

आज घरी एक काम करा. दादी, अम्मी, अब्बा जे काही घेतात, गोळ्या, काढे, चूर्ण, थेंब, ते सगळे एका कागदावर लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे किंवा हकीमसाहेबांकडे जाताना तो कागद सोबत न्या. फाटकावरची कृष्णकमळाची वेल मात्र आहे तिथेच राहू द्या. पावसाळ्यात ती छान फुलते, तिला नुसते पाहिले तरी मन शांत होते.