बर्फाचे अप्रूप

पेल्यात जपानी माच्चा हिरवागार दिसू लागला, की साऱ्यांचे कौतुक त्या भुकटीकडे जाते. भुकटी कौतुकाची आहेच. तोडणीपूर्वी काही आठवडे झुडपांवर सावली धरावयाची, पाने वाफवून वाळवावयाची आणि दगडी जात्यावर दळावयाची, ही तिची रीत. घरी चमचाभर भुकटी जराशा निवालेल्या पाण्यात बांबूच्या घुसळणीने फेसाळावी. उकळत्या पाण्याने ती कडवट होते. मग थंड दूध आणि बर्फ यांवर ओतावी, की झाले.

परंतु मी पडलो इतिहासाचा मास्तर. माझे लक्ष बर्फाच्या खड्याकडे जाते. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडरचे 'टस्कनी' जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्यास पोचले, तेव्हा सुमारे १०० टन उरला होता. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले. बर्फ ही धनवंतांच्या पंगतीची वस्तू होती.

१९५८ साली गोदरेजने देशी फ्रीज काढला, आणि आमच्या विक्रोळीचे नाव त्या धंद्याशी जोडले गेले. तरी माझ्या लहानपणी आमच्या चाळीत फ्रीज एकच होता. मला ताप चढला, की आई वाटी घेऊन त्या दारी जाई आणि उंबऱ्याशी क्षणभर घुटमळे. शेजारीण काही बोलत नसे. वाटी भरून देई.

आज घरोघरी बर्फ आहे. जपानचा हिरवा चहा त्याच्यावरच तर तरंगतो!